कोरा रकाना

फोन आला तेव्हा एझ्रा झिराडकर रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये खिडकीजवळच्या बाकावर बसून दाराकडे पाहत होता. मिन्ह्याची, म्हणजे दिवस मावळण्याआधीच्या प्रार्थनेची, वेळ होत आली होती. आज त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्यासाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीचं स्तोत्र, म्हणायचं होतं. कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, आणि त्यांनी 'आमेन' म्हटलं तरच ते लागू पडतं. एक कमी होता. तो एक म्हणजे एझ्राचाच पंधरा वर्षांचा मुलगा निसीम, आणि फोनवर बोलत होती ती निसीमची थोरली बहीण योखेबेद. "पप्पा, निसीमला यायला जमणार नाही," ती म्हणाली. तिच्यामागे पुष्कळ माणसं असावीत असं वाटत होतं, पण गोंगाट नव्हता. कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि दुसरं कुणी त्याला उत्तर द्यायचं, असं काहीसं चाललेलं. "जमणार नाही म्हणजे काय? आज काय आहे ते माहीत आहे ना त्याला?" "माहीत आहे. पण तो आत्ता थांबला तर सगळंच संपेल. तुम्ही प्लीज रागावू नका." आणि फोन बंद झाला. एझ्राने मोबाइल खिशात घातला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडेच पाहताहेत.

"काय, दहावा रस्त्यात अडकला?" रूबेनकाकांनी विचारलं. प्रार्थना चालवायचं काम त्यांच्याकडे होतं. वय अठ्ठ्याहत्तर, आणि जिभेला धार पेठेतली. "सव्वापाच झाले. शास्त्रात म्हटलंय, लढाईत सूर्य यहोशवासाठी थांबला होता एकदा. झिराडकरांसाठी थांबेल असं काही वाटत नाही." एझ्रा उठला. घेऊन येतो, अर्ध्या तासात येतो, तो म्हणाला. "या," काका म्हणाले, "आम्ही आहोतच. आम्हाला तरी कुठं जायचंय." हे ते नेहमीच्या तिरकसपणे बोलले खरे, पण एझ्राने निघता निघता त्या बाकांवरून नजर फिरवली. सगळे साठीच्या पुढचे. ज्यांना जायचं होतं ते केव्हाच गेले होते, इस्राएलात, लोदला, अश्दोदला, दिमोनाला. त्यांच्या मुलांची लग्नं तिकडे झाली आणि इकडे फक्त फोटो आले.

स्कूटर काढताना त्याला रडू येईल की राग येईल हे त्याचं त्यालाच कळेना. बाबांनी जाताना एकच गोष्ट मागितली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे, आणि एझ्राने कान अगदी तोंडाशी नेला तेव्हा ते म्हणाले होते, "वर्षाच्या दिवशी दहा जमव. बाकी काही करू नकोस." बाकी काही म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. गावजेवण नको, कबरीच्या दगडावर सोनेरी अक्षरं नकोत, असं असावं. दहा जमव. त्याने हो म्हटलं होतं, बाबांचा हात हातात धरून म्हटलं होतं, आणि तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं. शनिवारी माणसं जमतातच. पण हिब्रू पंचांगाला कुणाच्या सोयीचं काय, ते आपलं फिरतं, आणि या वर्षी बुधवार आला. दोन आठवडे तो फोन करत होता. एकाचा गुडघा, एकाचं डायलिसिस, एकाची नात बाळंत. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझरकी केली, शेकडो माणसं कामाला लावली, पण दहा माणसं एका जागी आणणं इतकं अवघड असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि ज्याला फोनच करायला नको, जो घरातच झोपतो आणि घरातच जेवतो, तोच नेमका नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा, एझ्रा मनात म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

स्टेशनजवळच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने त्याला "सलाम आलेकुम, चाचा" केलं. डोक्यावरची पांढरी टोपी काढायची राहून गेली होती. एझ्राने सवयीने "वालेकुम सलाम" म्हटलं. आयुष्यभर तो असंच उत्तर देत आला होता, कारण आपण कोण हे समजावून सांगण्यात सिग्नल सुटायचा. आडनाव मराठी, भाषा मराठी, जेवणात बोंबील आणि सोलकढी, आणि देव त्या सगळ्याआधीचा. कोकणात कुणी एके काळी त्यांना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. त्याहून जास्त कुणी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. ना अध्यात ना मध्यात, हा बाबांचा मंत्र. शेजाऱ्याच्या सणाला जायचं, त्याच्या मयताला खांदा द्यायचा, पण त्याच्या भांडणात पडायचं नाही. मुलांना हे पटत नव्हतं. योखेबेद कॉलेजातल्या सेवा योजनेतून येरवड्याच्या मागे नाल्याकाठच्या एका वस्तीत शिकवायला गेली आणि तिथलीच होऊन गेली. मग तिने भावालाही ओढलं. तिथल्या पोरांचा एक गट होता. त्यांचा म्होरक्या धम्मदीप, एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि काखेत वस्तीच्या फायली. विमानतळाकडून नव्या काचेच्या ऑफिसांकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि वस्ती त्याच्या आड येत होती. ज्यांची नावं यादीत, त्यांना दुसरीकडे घरं. ज्यांची नाहीत, त्यांना काहीच नाही. आणि ज्या एजन्सीला पाहणीचं काम दिलं होतं तिच्या यादीतून नाल्याकडची एक आख्खी गल्ली गळली होती. तिथे कुणी राहतच नाही असं कागद म्हणत होता. त्यावरच आज सरकारी ऑफिसात सुनावणी होती आणि दोन्ही मुलं तिथेच गेली होती.

एझ्राने हे सगळं जेवताना ऐकलं होतं, ऐकायचं म्हणून. एकदा तो म्हणाला होता, "आपल्याला काय करायचंय? आज आहोत, उद्या आत्याकडे अश्दोदला जाऊ." त्यावर निसीमने ताटातून मान वर न करता विचारलं होतं, "पप्पा, दोन हजार वर्षं झाली इथे येऊन. अजून किती दिवस पाहुण्यासारखं राहायचं?" एझ्राने ताट पुढे केलं. तो फक्त म्हणाला, भात वाढ. आत्ता बंडगार्डनच्या पुलावर, पुढे कंपन्यांच्या गाड्यांची रांग आणि खाली नदीचा वास, तो त्या प्रश्नाच्या उत्तराच्या शोधात होता. मुलाला कान धरून आणायचं तर काहीतरी बोलावं लागेल. बाबांचं नाव घ्यायचं, त्याने ठरवलं. बाबांचं नाव घेतलं की तो येईल, कारण बाबांचा त्याच्यावर जीव होता. आजारपणात बाबांनी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं इतका.

ऑफिसच्या आवारात शिरताना त्याची अपेक्षा होती घोषणांची, निदान आरडाओरड्याची. पण व्हरांड्यात चपलांचा ढीग होता आणि आतून एकच आवाज येत होता, मुलाचा, नुकत्याच फुटलेल्या कंठाचा. त्या आवाजामागे दरवेळी एक दुसरा आवाज. दाराशी योखेबेद उभी होती. तिने बापाला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. धम्मदीप पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, माफ करा, मीच त्याला सोडायला पाहिजे होतं. तीनची सुनावणी होती, साहेब आले पावणेपाचला. आणि वर हा घोळ." कसला घोळ, एझ्राने विचारलं. धम्मदीपने एक फॉर्म त्याच्या हातात दिला. घर नंबर, कुटुंबप्रमुख, सदस्यांची नावं, आणि शेवटी एक चौकोन, एकूण सदस्य. चौकोन कोरा. "नाल्याच्या गल्लीचे एक्केचाळीस फॉर्म, हिने विचारलं आणि निसीमने लिहिलं. एकाही फॉर्मवर आकडा नाही. साहेब म्हणाले, रकाने कोरे आहेत, अर्ज अपूर्ण आहेत, ग्राह्य धरता येत नाहीत, आणि आता दुरुस्तीची मुदतही संपली. म्हटलं, अरे, एवढा एक आकडा टाकायचा होता रे! तर हा म्हणतो, आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. आजोबांनी सांगितलंय."

एझ्रा त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत राहिला. आठ वर्षांचा असताना, पनवेलला कुणाच्या तरी लग्नात, तो पंगतीत बसलेली माणसं बोटाने मोजत होता, एक, दोन, तीन, आणि बाबांनी मागून येऊन त्याचं ते बोट मुठीत धरलं होतं. मारलं नव्हतं. "पोती मोजावीत, मेंढरं मोजावीत," ते म्हणाले होते, "माणसं मोजू नयेत. मोजलं की माणूस नाहीसा होतो आणि आकडा राहतो." बाबा रेल्वेत गार्ड होते. गाडी सुटताना डबे मोजायचे आणि घरी येऊन सांगायचे, आज चौदा डबे होते. आत माणसं किती होती ते देवाला ठाऊक. सिनेगॉगमध्येही दहा झाले की नाही हे कुणी बोटाने मोजत नसे, चेहरे पाहायचे, नावं घ्यायची, कोण नाही ते ओळखायचं. दाऊद राजाने माणसं मोजली आणि गावात रोगराई आली, ही गोष्ट एझ्राला बाबांनी सांगितली होती. एझ्राने मात्र ती मुलांना सांगितली नव्हती. जुनी समजूत, आजच्या मुलांना काय सांगायची. बाबांनीच सांगितली असणार, त्या शेवटच्या महिन्यांत, खाटेवर पडल्या पडल्या, आणि या दोघांनी ती नाल्याकाठच्या गल्लीत नेली होती. एक्केचाळीस दारांपुढे उभं राहून त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारलं होतं, तान्ह्या पोराचंसुद्धा, आणि आकड्याच्या जागी हात थांबवला होता. त्या थांबलेल्या हातामुळे आता ती गल्ली बुडायला आली होती. एझ्राने फॉर्म परत दिला.

"मग आता काय चाललंय?" त्याने विचारलं. योखेबेदने आत बोट दाखवलं. "वस्तीतल्या सुंदराबाई उठल्या. म्हणाल्या, आकडा नसंल पण नावं हायती का न्हाईत? साहेब म्हणाले, नावं कोण तपासणार. तर निसीम म्हणाला, मी वाचतो सर, तुम्ही बघा माणूस उभं राहतंय का. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, वाच. ज्या घरातून उत्तर नाही आलं ते घर गेलं." मग तूच वाचायचंस, एझ्रा म्हणाला, याला सोडायचंस. "मी वाचून पाहिलं," ती म्हणाली, आणि एवढ्यातही तिला किंचित हसू आलं, "त्याचं अक्षर त्याच्याशिवाय देवालासुद्धा लागत नाही." हे खरंच होतं. निसीमचं मराठी अक्षर म्हणजे शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत गेल्यासारखं. घरी वाण्याची यादी त्याने लिहिली की रव्याऐवजी राजमा यायचा.

एझ्रा आत सरकला. लांबट खोली, पिवळ्या ट्यूबलाइट, टेबलामागे साहेब आणि त्यांच्या शेजारी यादीवर खुणा करणारा कारकून. खोलीभर जमिनीवर माणसं बसलेली. बायकाच जास्त, कामावरून तशाच आलेल्या, कुणाच्या मांडीवर झोपलेलं मूल, कुणाच्या हातात अजून झाडूच्या कामाचे हातमोजे. पश्चिमेकडची खिडकी उघडी होती आणि ऊन तिच्यातून आडवं आत आलं होतं. टेबलापुढे निसीम उभा, शाळेच्या गणवेशात, शर्ट बाहेर आलेला. "पूर्णिमा संतोष वाघमारे." आणि भिंतीपाशी एक बाई उठली. "हजर." "संतोष बद्रीनाथ वाघमारे." "कामावर हायती," तीच म्हणाली, "सही करून दिलीय त्यांनी." "अक्षता संतोष वाघमारे." एक चिमुकली उठली, आईचा पदर धरून, आणि इतक्या जोरात "हजर" म्हणाली की साहेबांनी मान वर केली. कुणी हसलं नाही. एझ्राला वाटलं होतं तसं ते हजेरी देणं नव्हतं. ती माणसं नाव ऐकल्यावर क्षणभर थांबत होती, जणू आपलं नाव असं मोठ्याने, आडनावासकट, कुणी खोलीसमोर घेईल असं त्यांना खरं वाटत नव्हतं, आणि मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठत होती. उठलेलं कुणी परत बसत नव्हतं. हे कुणी ठरवलेलं दिसलं नाही. खोली हळूहळू उभी राहत होती.

तेवढ्यात निसीमची नजर दाराकडे गेली. बापाच्या डोक्यावरची टोपी त्याने पाहिली आणि पुढचं नाव त्याच्या तोंडातच थांबलं. त्याने खिडकीकडे पाहिलं, उन्हाकडे, परत बापाकडे. "काय रे, संपली का गल्ली?" साहेबांनी विचारलं. "संपली असेल तर आम्हालाही घरं आहेत." उभ्या असलेल्या सगळ्या माना वळल्या. ज्यांचं नाव अजून यायचं होतं ती माणसं जमिनीवर बसून एझ्राकडे पाहू लागली, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती वाट पाहत होती, तशी वाट पाहणं एझ्राला चांगलं माहीत होतं. रास्ता पेठेत बाकांवर तेच चाललं होतं. इकडे हात केला असता तर मुलगा आला असता, एका शब्दाने आला असता. अजून वेळ होता. स्कूटर जोरात मारली तर पोचता आलं असतं. बाबांना दिलेला शब्द पाळता आला असता, आणि बाबा परत दुसरा शब्द मागायला येणार नव्हते.

"वाच," एझ्रा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा निघाला म्हणून त्याने परत म्हटलं, "थांबू नकोस. वाच."

निसीमने कागदात तोंड घातलं. "महिपती हिंदुराव कांबळे." कुणी उठलं नाही. त्याने दुसऱ्यांदा नाव घेतलं. कारकुनाने पेन टेकवलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "गेले ते. दसऱ्याच्या आदी. हा पोरगा लिवायला आला तवा बसून हुते, त्यांनीच सांगितलं नाव." साहेब म्हणाले, "मयत असतील तर खोडा." म्हातारी उठली. उठायला तिला वेळ लागला. "खोडू नगा सायेब," ती म्हणाली. "त्यांच्या नावावं म्या हुभी ऱ्हाते. माझं मैना." आणि ती उभी राहिली, नवऱ्याच्या नावावर आधी, मग स्वतःच्या नावावर, एकच बाई दोनदा. कारकुनाने विचारलं, "काय लिहू, सर?" ते म्हणाले, "लिही, हजर."

एझ्राच्या अंगावर काटा आला. त्याला कळलं की आपण घाबरलो आहोत, लहानपणी सिनेगॉगमधल्या पवित्र पोथ्यांच्या कपाटाचा पडदा बाजूला होताना घाबरायचो तसे. एवढं मोठं काहीतरी या ट्यूबलाइटच्या खोलीत, चपलांच्या आणि घामाच्या वासात, चाललं होतं आणि ते त्याच्या पोराच्या तोंडून चाललं होतं, हे त्याला झेपेना. ऊन खिडकीच्या चौकटीवर चढलं होतं. काही मिनिटं उरली असतील. त्याने भिंतीला पाठ लावली, तोंड खिडकीकडे केलं आणि आवाज न करता कद्दिश सुरू केलं. हे चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. दहा नाहीत, आपले नाहीत, आमेन म्हणायला कुणी नाही. रूबेनकाका म्हणाले असते, म्हणजे पत्ता न घालता टाकलेलं पत्र. पण ओठ थांबेनात. कद्दिशमध्ये मेलेल्या माणसाचं नाव नसतं, मरणाचा शब्दही नसतो, फक्त देवाच्या एका नावाची थोरवी असते. पहिली ओळ संपली, आणि जिथे थांबायचं असतं तिथे तो थांबला. "मुक्ताई धोंडिराम साळवे," निसीमने वाचलं. "हजर," बाई म्हणाली. एझ्राने दुसरी ओळ म्हटली आणि थांबला. "संजय धोंडिराम साळवे." "हजर." तो पुढे गेला. त्याने वेळ जुळवली नव्हती, मुलाला तर काहीच माहीत नव्हतं, पण जिथे जिथे त्याचा श्वास संपत होता तिथे खोलीतून कुणीतरी उठत होतं आणि पूर्ण आवाजात सांगत होतं की मी आहे. बाबांसाठी म्हटलेल्या एकेका ओळीला असं उत्तर मिळत गेलं. शेवटी तीन पावलं मागे सरायची असतात. मागे भिंत होती, तर तो जागच्या जागी पाय हलवून वाकला, डावीकडे, उजवीकडे, आणि समोर. समोर सगळे उभे होते. खिडकीत ऊन नव्हतं.

यादी संपायला त्यानंतरही थोडा वेळ लागला. साहेबांनी फायलीवर काहीतरी लिहिलं, सही केली, शिक्का मागवला, आणि तिरकस बोलायचं म्हणून बोलले, "पुढच्या वेळी आकडा टाकत जा. आमचे पाय दुखतात." पण बोलताना ते स्वतःही उभे होते, आणि केव्हा उभे राहिले हे बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं. नाल्याची गल्ली यादीत गेली. माणसं ओरडली नाहीत, चपला शोधायला लागली. सुंदराबाईंनी जाता जाता निसीमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि एझ्राला म्हणाल्या, "तुमच्या पोरानं आमच्या मेलेल्यालाबी उभं केलं, भाऊ." एझ्राने हात जोडले.

खिशातला फोन वाजत होता. रूबेनकाका असणार. त्याने तो वाजू दिला. व्हरांड्यात निसीम आला तेव्हा त्याचा घसा पार बसला होता आणि डोळे लाल होते. योखेबेद त्याच्या मागे दोन पावलं थांबली. "पप्पा," तो म्हणाला, "आजोबांचं राहिलं ना. माझ्यामुळे." आणि मग, इतका वेळ सगळ्यांसमोर न हललेला तो मुलगा, रडायला लागला.

"राहिलं नाही. म्हटलं मी," एझ्रा म्हणाला.

"कुठे?"

"इथेच. आत."

निसीमने बाहीने नाक पुसलं. धर्माच्या बाबतीत तो बापापेक्षा काटेकोर होता, आजोबांचाच नातू. "पण दहा लागतात ना पप्पा," तो म्हणाला. "दहा होते का?"

आत कुणीतरी एकेक ट्यूबलाइट बंद करत होतं. एझ्राने मुलाचा शर्ट आत खोचला, लहानपणी खोचायचा तसा.

"मी मोजले नाहीत," तो म्हणाला.